चौतीस गाठी

आमच्या घरात धड चालणारं माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे माझी माय. दादांना, माझ्या वडिलांना, दम्यानं असं धरलं होतं की बाजेवरून उठून मेंढरांच्या वाडग्यापर्यंत जायचं म्हटलं तरी मधे दोनदा काठीवर टेकावं लागायचं. एके काळी कळपामागं दिवसाला पाच-सहा कोस चालणारा तो माणूस आता दारात बसून चातीवर लोकर कातायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या दुसऱ्यांच्या मेंढरांकडं बघत राहायचा. घाटनांदूरच्या बाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडं माळावर आमचं दोन खणांचं दगडमातीचं घर. घरामागं काट्यांचं कुंपण घातलेलं वाडगं, त्यात साठेक मेंढरं. माणसं तीन, त्यातलं एक आजारी आणि एक मी. लागोपाठ दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं होतं. माळावर गवत म्हणावं असं काही उरलं नव्हतं. संध्याकाळी बहुतेक हुलग्याचं माडगं असायचं. ते फारच पातळ झालं की माय म्हणायची, "आज तोंड दिसायलंय माडग्यात. आरशाचं काम न्हाई." आम्ही हसायचो. हसून झाल्यावर भूक होती तेवढीच राहायची, पण हसलेलो तरी असायचो.

दादांनी बाज धरली त्याच आठवड्यात मायनं काठी घेतली. आमच्यात बायका चूल सांभाळतात, कोकरं सांभाळतात, मुक्काम हलला की घोड्यावर बिऱ्हाड लादतात. पण कळपामागं काठी घेऊन चालायचं ते बाप्यानंच. माय पहिल्या दिवशी निघाली तेव्हा दादांचं घोंगडं तिच्या खांद्यावर होतं, लुगड्याचा कासोटा आवळलेला होता आणि भाकरीचं फडकं कमरेला बांधलेलं होतं. रूळ ओलांडताना तिनं दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घातली की स्टेशनावरची माणसं वळून बघायला लागली. तिला शीळ येते हे दादांनाही माहीत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी विचारलं तर म्हणाली, "माहेरी येतच होती. लग्न ठरलं तवा बापानं बंद करायला लावली. आता कुणाचं लग्न ठरायचंय?" चहाच्या टपरीवर बसणारे सुरुवातीला तिला छेडायचे. एकदा एकानं विचारलं, "काय गयाबाई, मिशा कधी फुटायच्या?" माय चालता चालताच म्हणाली, "तुमच्या गळू द्या, मग त्याच लावते." त्यानंतर त्या टपरीवरून तिला कुणी काही बोललं नाही. उलट तिची शीळ ऐकून ते गाडीची वेळ लावायचे म्हणे.

मेंढरांना तिनं नावं ठेवली होती. आकडा तिला विसापर्यंत यायचा, त्यापुढं ती विसा-विसाच्या ढिगानं मोजायची. पण एकेक मेंढी तिला तोंडानं ठाऊक होती. सगळ्यात पुढं घुसणारी ती सरपंचीण. खायचं सोडून माणसाच्या तोंडाकडं टक लावून बघणारी ती मास्तरीण. एका डोळ्याभोवती पांढरं कडं असलेली चष्मेवाली, सारखी खोकणारी दादांची बहीण. आमच्या काळ्या मेंढरांत नवख्या माणसाला एक दुसरीपासून ओळखू येत नाही. मायला ते नवल वाटायचं. "माणसं माणसाला वळखत न्हाईत का? मंग," एवढंच ती म्हणायची.

घरातला शब्द मात्र आण्णांचा होता. आण्णा म्हणजे दादांचे थोरले भाऊ. त्यांचं वाडगं आमच्या वाडग्याला लागून, मेंढरं आमच्या दुप्पट. दिवाळी झाली की दोन्ही कळप मिळून गंगाथडीला, गोदावरीकाठच्या रानात चरायला निघायचे. शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी द्यायचे, आणि असं वावरावावरानं फिरत उन्हाळा काढून पावसाच्या तोंडी परत यायचं. कधी निघायचं, कोण संगं येणार, कोण मागं राहणार, हे सगळं आण्णा ठरवायचे. थोरल्या दिराशी बाईनं तोंडानं बोलायचं नाही, पदर पुढं ओढून बाजूला व्हायचं, ही आमची रीत. मायनं रीत मोडली नाही, तिच्यातून वाट काढली. आण्णांना जे सांगायचं ते ती मेंढीला सांगायची. आण्णा कुंपणापलीकडं उभे असले की माय पदर ओढून सरपंचिणीच्या कानाशी म्हणायची, "सरपंचीणबाई, त्यायला म्हणावं, काल पाण्यावर तुमची मेंढरं आधी गेलती. आज आमची जातील." आण्णाही गंभीर तोंडानं त्या मेंढीकडंच बघून म्हणायचे, "तिला म्हणावं, बघू." लहानपणी मला वाटायचं, मोठ्या माणसांत असंच बोलतात. पुढं नोकरीला लागल्यावर कळलं, की साहेब लोकांतही काही वेगळं नसतं.

माय कळपामागं जायला लागली आणि कोकरं माझ्याकडं आली. हे काम ज्यानं केलं नाही त्याला सांगावं लागतं. लहान कोकरं दिवसभर घरीच ठेवायची, त्यांना कोवळा पाला टाकायचा, कुत्र्या-कोल्ह्यापासून राखायचं. दिवस मावळताना मेंढ्या परत आल्या की त्यांना सोडायचं. मग जो गलका उठतो तो कानात साठवून ठेवण्यासारखा असतो. मेंढ्या हाका मारत येतात, कोकरं हाका मारत पळतात. मेंढी दुसऱ्याच्या कोकराला पाजत नाही, शेपटीखाली हुंगून बघते आणि आपलं असलं तरच उभी राहते. काही कोकरं बावळट असतात, चुकीच्या मेंढीखाली शिरतात, ढुशी खातात. त्यांना उचलून त्यांच्या आईपाशी न्यायचं. घटकाभरात एकेक जोडी लागते, आवाज कमी कमी होत जातो, आणि शेवटी नुसतं चुटूचुटू पिण्याचं ऐकू येतं. तेवढ्यात परळीकडून येणारी गाडी शिट्टी द्यायची. आज बीडमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते, खाली दिवसभर हॉर्न वाजत असतात, पण संध्याकाळी एखादा क्षण सगळं गप्प झालं की मला अजून वाटतं, झाली, कोकरं प्यायला लागली.

मला मायसारखी तोंडं ओळखू यायची नाहीत. मी माझी शाळकरी युक्ती काढली होती. मेंढीच्या गळ्यात जी चिंधी, तीच तिच्या कोकराच्या गळ्यात. लाल, निळी, पिवळी, फुलाफुलांची, माझ्या जुन्या झग्याची, दादांच्या धोतराची. माय बघून हसायची. "चिंध्या कशाला बघतीस, तोंड बघ की." मी म्हणायचे, "सारखीच तर असतात." ती म्हणायची, "तू बी मला बाकीच्या पोरीवानीच दिसतीस मंग. उद्या दुसरीच घरी आणते."

शाळेचं असं होतं, की पावसाळाभर मी जायचे आणि दिवाळीनंतर पुस्तकं घोड्यावर लादून कळपाबरोबर निघायचे. परीक्षेपुरती कधी कुणाच्या तरी बैलगाडीनं, कधी एसटीनं परत यायचे. आमच्या वर्गाच्या बाईंनी डोळे झाकून ते चालवून घेतलं, म्हणून मी नववी झाले. माझ्याआधी आमच्या वस्तीवर कुणी, पोरगा नाही की पोरगी नाही, सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. हे मी मिरवायलाच सांगते, उगाच खोटी लाज कशाला. पण दहावीच्या वर्षी बाई म्हणाल्या, "सुमन, यंदा असं जमणार नाही. बोर्डाची परीक्षा आहे, हजेरी लागते. दिवाळीनंतर तू इथं नसलीस तर फॉर्मच भरता येणार नाही." मी घरी येऊन मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकून, पाणी फिरवून म्हणाली, "मंग ऱ्हा की. दादाबी हायतच इथं. त्यायला कुणी तरी पायजेलच."

"आन कोकरं?"

"कोकरं माझी हायत का तुझी?"

दुसऱ्या दिवशी तिनं सरपंचिणीला गाठलं. पोरीला यंदा मागं ठेवायचं आहे, कोकरं दिवसा थोरल्या जाऊबाईंच्या कोकरांबरोबर राहतील, सांजच्याला पाजायचं माझं मी बघीन, असं तिच्या कानात सांगितलं. आण्णांनी बिडी विझवली. ते वाईट नव्हते. पण मेंढरांच्या बाबतीत त्यांना चेष्टा खपत नसे. मेंढीकडं बघून ते म्हणाले, "तिला म्हणावं, दिवसभर कळपामागं चालून आलेलं माणूस सांजच्याला दोन वाडग्यांची कोकरं येगळी करील का? माझी साठ, तिची चौतीस. सगळी काळी. पोरगी चिंध्या बांधून करती तरी रोज एखादं उपाशी ऱ्हातंच. कालवाकालव झाली की आठ दिवसांत कोकरं मरायला लागतील. पोरगी संगं येईल. पाडव्याला सांगतो कोण कुठं ते, पण येईल." त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, मेंढ्या धष्टपुष्ट होऊन व्यायल्या होत्या, दोन वर्षांनी पहिल्यांदाच एवढी आलेली ती चौतीस कोकरं म्हणजे आमचं सगळं काही होतं. आण्णांचं चूक नव्हतं. म्हणून तर मला रडू आलं. चूक असतं तर भांडले असते.

आता माझ्या अकलेची गोष्ट. सुट्टी लागायच्या दिवशी बाईंनी मला वासाच्या साबणाची एक वडी दिली, गुलाबी, कागदात गुंडाळलेली. "पहिल्या आंघोळीला लाव," म्हणाल्या. आमच्या घरात तोवर कपड्याचा साबण तेवढा यायचा. पहिल्या आंघोळीला मी ती जपून जपून लावली, मायनंही हाताला लावून दिवसभर हात हुंगला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माय कळप घेऊन गेल्यावर मी कोकरांकडं बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी पाडवा. पाडव्याला आमच्यात मेंढरांची पूजा असते, अंगावर गेरूचे ठिपके देतात, वाडग्याच्या दारात दूध उतू घालतात. आण्णा येणार, कोकरं बघणार आणि मग सांगणार. मला वाटलं, कोकरं अशी चकचकीत दिसली पाहिजेत की आण्णा म्हणाले पाहिजेत, पोरगी हुशार आहे, शिकू द्या. शाळेत स्वच्छतेचा धडा पाठ होता. ऊन चांगलं तापलेलं होतं. मी सगळ्यांच्या गळ्यातल्या चिंध्या सोडल्या, कोकरं ओढ्यावर नेली आणि एकेकाला त्या गुलाबी साबणानं डोक्यापासून शेपटीपर्यंत घासून काढलं. साबण पार संपला. कोकरं उन्हात वाळली आणि रेशमासारखी दिसायला लागली. सबंध वाडगं गुलाबाच्या वासानं भरून गेलं. दादा बाजेवरून म्हणाले, "सुमे, आज कुणाचं लगीन लागायलंय?" मी म्हणाले, "तुमी बघाच."

पूजेचा दिवस म्हणून माय जरा लवकर परतली. मी कोकरं सोडली. गलका उठला. मेंढ्या धावत आल्या, हुंगलं आणि झटका बसल्यासारख्या मागं सरल्या. कोकरू पुन्हा आत शिरायला गेलं की ढुशी. सरपंचिणीनं तर स्वतःच्या कोकराला उचलून फेकलं. मी इकडून तिकडं पळत होते, याला उचल, त्याला लाव. पण गळ्यात चिंधी नाही, आणि सगळी सारखी काळी, सारखी चकचकीत. घटका गेली. आवाज कमी व्हायचा तो वाढतच गेला. मायनं एक कोकरू उचललं, नाकाशी नेलं.

"हे कशाचा वास मारायलंय?"

"साबणाचा."

"कितीला लावला?"

"सगळ्यायला."

मायनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. एकच, पण नीट. मग ती खाली बसली. तिला हसू येत होतं की रडू ते मला कळलं नाही. पदर तोंडाशी धरून ती हलत होती. दादा धापा टाकत कुंपणापर्यंत आले आणि म्हणाले, "कोणत्या पुस्तकात लिव्हलंय गं हे?"

तेवढ्यात आण्णा आले. त्यांच्या वाडग्यातला गलका कधीच थांबला होता. आमचा थांबला नाही म्हणूनच ते आले. त्यांनी एक नजर टाकली, वास घेतला आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. "झालं," ते दादांना म्हणाले. "आता मेंढीलाच आपलं कोकरू वळखू येईना, तर माणसाला कुठून येईल? पोरगीनं आईलेकरायची ताटातूट केली की बे. रातभर उपाशी ऱ्हायली तर यातली धाकली दहाबारा उद्याचा पाडवा बघायची न्हाईत." मी बाजेच्या पायाशी उभी होते. माझी शाळा तर गेलीच, पण कोकरंही जाणार, आणि तीही माझ्या हातानं. आज इतक्या वर्षांनीही मला कुणी भारी साबण भेट दिला की मी तो दुसऱ्याला देऊन टाकते.

माय उठली. कासोटा आवळला. "सुमे, रडायचं ते मंग रड. मास्तरीण धर." मी मास्तरीण धरून आणली, मान गुडघ्यात दाबून धरली. मायनं त्या काळ्या ढिगात हात घातला आणि एक कोकरू काढलं, दुसऱ्याकडं बघितलंही नाही. मेंढीच्या कासेची एक धार त्याच्या शेपटीवर मारली, एक डोक्यावर. वाडग्यातली मूठभर माती, लेंड्या, ओल सगळं त्याच्या अंगाला चोळलं. मग त्याचं तोंड सडाला लावलं आणि मेंढीचं तोंड त्याच्या शेपटीकडं वळवलं. मास्तरिणीनं हुंगलं, फुरफुरली, पुन्हा हुंगलं. स्वतःच्या दुधाचा वास आला तिला. उभी राहिली. "जा, सोड. आता चष्मेवाली." असं एकेक. नाव घ्यायचं, मी मेंढी धरायची, मायनं कोकरू काढायचं. एकदाही तिनं घेतलेलं कोकरू खाली ठेवून दुसरं घेतलं नाही. माझे गुडघे सोलून निघाले होते. दादांनी देवापुढची पणती आणून कुंपणावर ठेवली होती, घरात लक्ष्मी अंधारात राहिली.

पंधरावीस जोड्या लागल्यावर आण्णांना राहवलं नाही. ते कुंपण ओलांडून आत आले, उरलेल्यांतली दोन कोकरं दोन हातांत उचलली. माझ्या डोळ्यांना ती एकाच साच्यातली होती. दादांकडं बघत ते म्हणाले, "इचार तिला, ही कुणाची?"

मायनं मान वर केली. मास्तरीण लांब गेली होती, सरपंचीण पाजत होती, मधे बोलायला कुणी मेंढी नव्हती. पदर होता तिथंच होता, पण ती सरळ आण्णांना म्हणाली, "उजव्या हातातलं चष्मेवालीचं जुळं हाय, तिला अजून एक पाजायचंय. डाव्या हातातलं आमचं न्हाई, आण्णा. तुमचं हाय. तुमच्या त्या मोडक्या शिंगाच्या मेंढ्याच्या वळणाचं तोंड हाय त्याचं. सकाळीच कुंपणातून इकडं आलं असंल. हिनं त्यालाबी धुतलं."

आण्णा उजव्या हातातलं कोकरू खाली सोडून वळले. डाव्या हातातलं तसंच धरून आपल्या वाडग्याकडं गेले आणि थोरल्या मायला, म्हणजे माझ्या चुलतीला, हाक मारून विचारलं, एखादी मेंढी ओरडायलीय का. चुलती तिकडून म्हणाली, "व्हय, कवाची डोकं खायलीय. तिचं कोकरू सापडंना." माय त्यांच्या मागोमाग गेली, त्या मेंढीचीही धार काढली, कोकराला चोळलं, लावलं आणि परत येऊन आमची राहिलेली धरली. जेवणवेळेला शेवटची जोडी लागली. वाडग्यात चुटूचुटू आवाज सुरू झाला. माय तिथंच मातीत बसून म्हणाली, "लक्ष्मीला आंघोळ घालायची ती हिनं कोकरायला घातली." मग आम्ही तिघं भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्यमसाल्याच्या पिठाची, आमटी खायला बसलो. तिच्या हाताला दुधाचा, लेंड्यांचा आणि गुलाबाचा असा एकत्र वास येत होता. तो मला अजून सांगता येतो.

पाडव्याला सकाळी आण्णा आले. कोकरांना गेरूचे ठिपके दिले. ती आता मुळीच चकचकीत नव्हती. दूध उतू गेलं, विस्तवावर चर्र झालं. माय पदर ओढून सरपंचिणीपाशी उभी होती आणि तिच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्यायला म्हणावं, कालचं बघितलं ना? ही पोरगी या कामाची हाय का? कोकराला साबण लावणारं माणूस कळपात ठिवून काय करता? शाळेतच घाला तिला. तिथं तरी खपंल."

आण्णांनी सरपंचिणीकडं बघितलं नाही. गेरूचा हात धोतराला पुसत ते दादांना म्हणाले, "पोरगीला इथंच ठिव. संगं आली तर माझी साठ बी धुवून काढंल." आणि मायकडं न बघता, "तिला म्हणावं, दोन्हीकडची कोकरं एकत्रच घालू. सांजच्याला ती लावील."

भाऊबीज झाल्यावर कळप निघाला. रूळ ओलांडताना मायनं शीळ घातली, आणि कळप गंगाथडीला निघालेला असताना पहिल्यांदाच ती ऐकत मी दारात उभी राहिले. मी आणि दादा मागं. सकाळी भाकरी करायची, दादांना काढा द्यायचा, शाळेत जायचं. पण पुस्तक उघडलं की मला कोकरं दिसायची. माझ्यापायी एखादं उपाशी राहिलं असेल, एखादं मेलं असेल, असं सारखं वाटायचं. मायला लिहिता येत नव्हतं. जाताना ती म्हणाली होती, "तिकडनं कुणी बाजाराला आलं की दोरा धाडीन. जेवढी कोकरं, तेवढ्या गाठी." आणि खरंच, पंधरा दिवसांनी, महिन्यानं, कुणी ना कुणी यायचं. कधी गुळाचा व्यापारी, कधी लेकीकडं चाललेली म्हातारी. फडक्यात बांधलेला काळ्या लोकरीचा दोरा देऊन जायचं. मी आणि दादा पणतीजवळ बसून गाठी मोजायचो. चौतीस. मी पुन्हा मोजायचे. चौतीस. मग दादा म्हणायचे, "कर आता अभ्यास." आणि मी करायचे. असे पाच दोरे आले. शेवटचा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आला, त्यालाही चौतीस गाठी होत्या. तो हाताला बांधून मी पेपरला गेले.

पुढं मी शिकवायला लागले. दादा गेले, आण्णा गेले, कळप भावकीत गेला आणि माय माझ्याकडं बीडला आली. इमारतीत राहायला ती काही घाबरली नाही. माझी लेक रेणू तिच्याच अंगावर वाढली. ताटातलं येसर बोटानं चाटायला आणि दोन बोटांची शीळ घालायला तिनंच रेणूला शिकवलं, आणि शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा चिठ्ठी घेऊन तीच बाईंना भेटायला गेली. काय बोलली ते मला दोघींनीही सांगितलं नाही. खालच्या मजल्यावर जुळी पोरं होती, त्यांच्या बापालाही नीट ओळखू यायची नाहीत. माय वरच्या गॅलरीतून पाठमोरं पोर बघून हाक मारायची, "ए धाकल्या, चप्पल घाल." कधी चुकली नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली. भरपूर जगली, शेवटपर्यंत सुनावत राहिली.

माय जायच्या आदल्या वर्षी रेणूनं माझी पत्र्याची पेटी उघडली होती. पदवीच्या कागदाखाली ते पाच दोरे आहेत. रेणूनं विचारलं, मी सगळं सांगितलं. माय पलंगावर ज्वारी निवडत ऐकत होती. रेणू एकेक दोरा मोजत गेली. "सगळ्यांना चौतीसच कशा गं आजी? पाच महिन्यांत एकपण कोकरू मेलं नाही?"

माय ज्वारीतला खडा काढत म्हणाली, "मेली की. दोन. गंगाथडीला पोचायच्या आधीच लांडग्यानं नेली. एक सरपंचिणीचं."

मी हातातलं काम सोडून बघत राहिले. इतकी वर्षं. आण्णांनीही, थोरल्या मायनंही कधी ती दोन कोकरं माझ्यापुढं काढली नव्हती.

"मग गाठी चौतीस का बांधल्यास?" रेणूनं विचारलं.

"तिची परीक्षा होती."

मी म्हणाले, "माय, तू मला खोटं सांगितलंस."

"मी कुठं काय सांगितलं," माय म्हणाली. "दोऱ्यानं सांगितलं."

तर खरा हिशेब असा आहे. चौतीसातली बत्तीस कोकरं जगली. मी दहावी झाले, बारावी झाले, आणि अंबाजोगाईच्या कॉलेजातून बी.ए. झाले.